चरकाचं तेल

आमच्या मेदिया लुना गावात निवार्दो पेन्याला मेकॅनिक असं कुणी म्हणत नसे. त्याचं नाव पडलं होतं पाद्री. मरायला टेकलेल्या माणसाच्या कपाळाला तेल लावायला पाद्री येतो, तसा हा मरायला टेकलेल्या गाडीचं तेल बघायचा. खरा पाद्री निदान दोन गोड शब्द बोलतो, ह्याच्या तोंडात तेही नव्हते.

त्याची पद्धत ठरलेली होती. गाडी घरापुढच्या गुलमोहराखाली उभी करायची आणि इंजिन गार होईस्तोवर मालकाने गप्प बसायचं. मग निवार्दो तेलाची पट्टी ओढायचा, तिच्या टोकाचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडायचा आणि तो पसरेपर्यंत सिगारचं थोटूक चघळत बसायचा. थेंब बघून झाला की पट्टीवरचं उरलेलं तेल अंगठा आणि तर्जनीत चोळून नाकाशी न्यायचा. पेट्रोलचा वास आला तर रिंगा गेल्या. तेल भरायच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं जमलं असेल तर तेलात पाणी शिरलं. आणि चोळलेल्या बोटांवर उन्हात चमचम दिसली, तर ती बोटं तो मालकाच्या नाकासमोर धरायचा.

"हे बघ. ही तुझी बेअरिंगं. माझ्या बोटांवर आलीत. दोन महिने, फार तर अडीच."

"काहीच करता येणार नाही?"

"येईल की. रडता येईल."

लोक चिडायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं होतं, तुझी जीभ सडेल. तोच माणूस अकराव्या आठवड्यात गाडीला बैल जुंपून परत आला आणि गुमान गुलमोहराखाली बसला.

निवार्दोचं डोकं खऱ्या अर्थाने फिरायचं ते एकाच जातीच्या लोकांवर. गाडी विकायच्या आदल्या दिवशी इंजिनात चरकाचं तेल ओतणाऱ्यांवर. आमचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा ज्याला जे उचलता आलं ते त्याने घरी नेलं. कुणी शिडी नेली, कुणी भोंग्याची साखळी नेली. उसाची आगगाडी हाकणाऱ्या ओरेस्तेसने ऊस पिळायच्या चरकाच्या रोलरांना घालायच्या तेलाचं एक अख्खं पिंप नेलं. ते तेल काकवीसारखं घट्ट. इंजिनात अर्धं मिसळलं की आतला खडखडाट मिटतो, झिजलेलं लोखंड जाड तेलावर बसतं आणि गाडी चार दिवस नव्या नवरीसारखी गप्प राहते. पण गार इंजिनात ते वर चढत नाही. जिथं तेल सगळ्यात आधी पोचायला हवं तिथं शेवटी पोचतं, आणि तोवर आत कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासत असतं. "ठोका बरा होत नसतो रे," निवार्दो ओरडायचा, "तो गप्प होतो. गप्प झालेलं इंजिन विकत घेऊ नका!"

हे वेड त्याच्या अंगात कारखान्यातूनच आलं होतं. मजुरांच्या चाळीत जन्मला, पंधराव्या वर्षी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिरला आणि बॉयलरपासून आगगाडीपर्यंत सगळ्याचं तेल त्याने हुंगलं. चौऱ्याऐंशी साली कारखान्याच्या वाट्याला एक मॉस्कविच मोटार आली, उत्तम कामगाराला विकत द्यायची म्हणून. तेव्हा तसंच असायचं. पैसे असून भागत नसे, सभेत हात वर व्हावे लागत. तीन तास सभा चालली. शेवटी निवार्दो आणि ओरेस्तेस दोघे उरले, आणि चार हात जास्त पडून गाडी निवार्दोच्या घरी आली.

"चार हात," ओरेस्तेस चाळीस वर्षं म्हणत आला. "त्यातला एक तुझ्या बायकोचा. आणि दुसराही तिचाच असेल. तिने दोन्ही वर केले होते, मी बघितलंय."

ती बायको म्हणजे इलुमिनादा. कारखान्याच्या टेलिफोनवर ती बावीस वर्षं बसली. तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायच्या आणि मुकादमापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना जोडून द्यायचं. माणसाने "हॅलो" म्हणायच्या आत, नुसत्या श्वासावरून, कोण आहे ते तिला कळायचं. कारखाना गेला, टेलिफोन गेला, कान तेवढे राहिले. घरात बसून ती सांगायची, "म्हाताऱ्या, नाक्यावर कुणाची तरी जीप आलीय आणि तिचा पट्टा सैल आहे." आणि पट्टा सैल असायचाच.

तीन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मान्सानियोच्या हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. पन्नास किलोमीटर जायचं, पन्नास यायचं. रुग्णांना न्यायला गाडी यायची ती आधी उशिरा येऊ लागली, मग एकाआड एक, मग यायचीच बंद झाली. मग निवार्दो तिला मॉस्कविचमधून नेऊ लागला. पेट्रोलचं त्याचं त्याला ठाऊक, तो मिळवायचा कसंतरी. पण मॉस्कविच चालू आहे तोवर इलुमिनादा आहे, हे गणित निवार्दोला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गेल्या पावसाळ्यात गाडी मिसिंग करू लागली. प्लगच्या वायरींचं रबर तडकलं होतं. नव्या वायरी आमच्याकडे मिळतात म्हणणाऱ्याने आधी स्वतः आणून दाखवाव्यात. निवार्दोने तांब्याची तार घेतली, हॉस्पिटलातल्या नर्सने दिलेल्या सलाइनच्या कोऱ्या नळ्यांत ती ओवली आणि टोकं मेण लावून बंद केली. गाडी चालली. पण समुद्रावरचा दमट वारा सुटला की त्या नळ्यांतून वीज बाहेर पडायची. पहाटेच्या अंधारात बॉनेट उघडलं तर निळ्या ठिणग्या तडतडताना दिसायच्या. मग चारातले तीनच सिलिंडर चालायचे आणि गाडी लंगडत, खोकत, अंग हलवत निघायची.

"ही माझ्यापेक्षा आजारी आहे," इलुमिनादा म्हणायची. "मशीनवर हिला झोपव, मी बाहेर थांबते."

ऑगस्टात डॉक्टरीणबाईने निवार्दोला एकट्याला गच्चीवर बोलावून घेतलं. पोरगीच होती, आमच्याच जिल्ह्यातली. तिने खाली बघत सांगितलं, हाताच्या शिरा संपल्या, मानेतली नळी तिसऱ्यांदा बसवलीय आणि आता चौथी बसवायला जागा उरलेली नाही. ही बंद पडली किंवा तिला ताप धरला, की झालं. "फार तर पुढचा पावसाळा लागेपर्यंत, बाबा. त्यांना सांगू नका. धीर सुटतो."

आमच्याकडे हीच रीत आहे. आजार घरच्यांना सांगायचा, आजाऱ्याला नाही. रोग्यासमोर सगळे हसतात आणि स्वयंपाकघरात जाऊन रडतात. निवार्दो खाली आला, इलुमिनादाच्या खाटेशी बसला, आणि साऱ्या गावाला तोंडावर मरण सांगणारा तो पाद्री म्हणाला, "झकास आहे सगळं. डॉक्टरीण खूश आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि उशी सारखी करून दे म्हणाली.

डिसेंबरात त्यांच्या परदेशातल्या मुलीने, माइदेलिसने, तिकडून येणाऱ्या एका बाईच्या सामानात वायरींचा नवा संच पाठवला. लालभडक, बोटाएवढ्या जाड आणि वाकवल्या तर पुन्हा सरळ होणाऱ्या. निवार्दोने त्या आधी गालाला लावून बघितल्या. मग हात धुऊन कामाला बसला. ह्या कामाचा नियम एकच, आणि तो निवार्दोने पन्नास जणांना शिव्या घालून शिकवलेला. सगळ्या वायरी एकदम उपटायच्या नाहीत. एक काढायची, तिच्याच लांबीची नवी तिच्याच जागी बसवायची, टक् असा आवाज आला की मगच दुसरीला हात घालायचा. क्रम चुकला की ठिणगी भलत्याच सिलिंडरला जाते आणि शहाणासुरता माणूस दिवसभर डिस्ट्रिब्युटरशी डोकं फोडत बसतो.

चारही झाल्या. मधली पाचवी झाली. ओरेस्तेस काठी टेकत आला होता, माझी गाडी बघायला आलो म्हणून.

"लाव चावी, कोंपाय," ओरेस्तेस म्हणाला. कोंपाय म्हणजे आमच्याकडे दोस्त.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. काय चालली! वीस वर्षांत अशी चालली नव्हती. चारही सिलिंडर एका लयीत, बॉनेटवर ठेवलेला कॉफीचा पेलाही हलेना. ओरेस्तेसने टोपी काढली. दारात इलुमिनादा उभी होती, ती टाळ्या वाजवू लागली.

आणि तेव्हाच निवार्दोला ते ऐकू आलं. इतके महिने लंगड्या इंजिनाच्या धडधडीत जे बुडून गेलं होतं, ते आता स्वच्छ वर आलं. खालून, अगदी तळातून. टक, टक, टक.

त्याने इंजिन बंद केलं. गार व्हायची वाटही बघितली नाही. पट्टी ओढली, थेंब चोळला, बोटं उन्हात धरली. मग ती पँटला पुसली.

"काय रे?" ओरेस्तेसने विचारलं.

"काही नाही."

"म्हाताऱ्या," दारातून इलुमिनादा म्हणाली, "खालून कसला आवाज येत होता रे तिच्या?"

"नव्या वायरी आहेत. बसायला वेळ लागतो."

नवी वायर ठोका देत नाही हे ओरेस्तेसला माहीत होतं. आगगाडी हाकलेला माणूस तो. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि निघून गेला.

इंजिनाच्या तळातल्या क्रँकची बेअरिंगं आमच्या बेटावर कुणाकडे नव्हती. निवार्दोने सगळीकडे विचारलं, पार सांतियागोपर्यंत निरोप धाडले. मुलीने पाठवायची म्हटली तरी क्रँक घासून घ्यावा लागणार, त्याला इंजिन उतरवावं लागणार, म्हणजे महिना जाणार. आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार तर कुणासाठी थांबत नव्हते. ठोका दर फेरीला वाढत होता. त्याहून वाईट म्हणजे इलुमिनादा शेजारच्या सीटवर मान जराशी कलती करून बसायची, टेलिफोनवर बसायची तशीच.

दुसऱ्या आठवड्यात निवार्दो डबा घेऊन ओरेस्तेसच्या दारात उभा राहिला.

ओरेस्तेसने डब्याकडे बघितलं. "गाडी विकतोयस?"

"नाही."

"मग कुणापासून लपवतोयस?"

निवार्दोने डबा पुढे केला. ओरेस्तेस पिंपाशी गेला. ते तेल डब्यात पडायला इतका वेळ लागला की दोघांना एकमेकांकडे बघावंच लागलं.

"इंजिन तापवल्याशिवाय हलवू नकोस," ओरेस्तेस म्हणाला. "चांगला अर्धा तास."

"मला शिकवतोस?"

"तुलाच शिकवतोय, गाढवा. तू आजवर हे कधी केलं नाहीस."

ठोका मिटला. रोज निघायच्या अर्धा तास आधी निवार्दो इंजिन सुरू करून ठेवायचा, कितीही पेट्रोल जळो. पाच आठवडे गाडी गप्प राहिली. इलुमिनादानेही पुन्हा विचारलं नाही, आणि निवार्दोला वाटलं जमलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पाच आठवडे म्हणजे पंधरा फेऱ्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी उत्तरेचा वारा आला. आमच्याकडे त्याला थंडी म्हणतात. इलुमिनादाला पहाटे उलट्या झाल्या. तिला धुवून, कपडे बदलून, खुर्चीत बसवेपर्यंत पाच वाजून गेले. मशीनची वेळ चुकली की ती वेळ दुसऱ्याला देतात. निवार्दोने तिला उचलून सीटवर ठेवलं, चावी फिरवली आणि तसाच निघाला. डोळ्यांसमोर तेलाचा लाल दिवा पेटलेला होता. विझेल, विझेल म्हणत त्याने सहा-सात किलोमीटर काढले.

सेइबा उएका गावाच्या अलीकडे, दोन्ही बाजूला तोडलेल्या उसाचे खुंट आणि मध्ये रस्ता, अशा जागी इंजिनाने एकदा किंकाळी फोडली आणि ते जागच्या जागी आवळलं. चाकं फरफटली. मग वाऱ्याशिवाय कसलाच आवाज उरला नाही.

निवार्दो उतरला. बॉनेट उघडलं. करण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बराच वेळ वाकून उभा राहिला. तांबडं फुटलं. एक बैलगाडी गेली, तिच्यावर रताळी होती आणि ती तासाभरात जेमतेम पुढच्या वस्तीपर्यंत पोचणार होती. माणसांनी खच्चून भरलेला एक ट्रक गेला, थांबला नाही. साडेसात वाजले. मशीनची वेळ गेली.

इलुमिनादा दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती. थर्मासच्या झाकणात तिने कॉफी ओतली, दिवसाचं पाणी तिला मोजूनच प्यायचं असतं म्हणून एकच घोट घेतला, उरलेली त्याच्यापुढे धरली.

"काय झालं तिला?"

"वायर सुटलीय कुठली तरी."

"निवार्दो."

नावाने ती भांडतानाच हाक मारायची.

"वायरी बसवल्यास त्याच दिवशी मी ठोका ऐकला," ती म्हणाली. "रोज ऐकत होते. मग एका सोमवारी बंद झाला. ठोका बरा होत नसतो, असं इतकी वर्षं त्या गुलमोहराखाली ओरडणारा कोण होता? मी घरात भांडी घासत ऐकायचे ना सगळं. काय ओतलंस? ओरेस्तेसच्या पिंपातलं?"

त्याने मान डोलावली.

"मग सांग मला. लोकांना सांगायचास तसं."

निवार्दोने कॉफी खाली ठेवली. पट्टी ओढली आणि थेंब बोटांत चोळून बोटं तिच्या तोंडासमोर उन्हात धरली. बोटं चमचम करत होती.

"ही बेअरिंगं. डिसेंबरातच गेली होती. मी जाड तेल ओतून आवाज मारला. आज गरम न करता पळवली, म्हणून आवळली. क्रँक गेला, ब्लॉकही गेला असेल. ही गाडी आता चालणार नाही. कधीच."

"हं." तिने त्याची बोटं आपल्या पदराएवढ्या मोठ्या रुमालात धरून पुसली, एकेक करून. "आता माझं."

"तुझं काय? तुझं झकास—"

"बावीस वर्षं टेलिफोनवर काढली मी. माणूस खोटं बोलायच्या आधी एक श्वास घेतो. ऑगस्टापासून तू घेतोयस. नुसते श्वास घेऊन घेऊन दमला असशील, म्हाताऱ्या. सांगून टाक."

हजार गाड्यांचं मरण ज्याने थोटूक चघळत सांगितलं, तो रस्त्याच्या कडेला, खुंटांत, ढुंगणावर बसला आणि जमिनीकडे बघत एकदाचं सगळं बोलला. शिरा संपल्या. मानेतली ही शेवटची नळी. चौथीला जागा नाही. पावसाळ्यापर्यंत, तेही मशीन चुकलं नाही तर.

"आणि चुकलं तर?"

"आठ दिवस. दहा."

तिने खुंटांकडे बघितलं. रडली नाही. रडला तो, आणि चांगला मोठ्याने रडला. तिने त्याला रडू दिलं.

मग लांबून एक ट्रक येताना दिसला. निवार्दो धडपडत उठला, रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवू लागला. ट्रक थांबला. पण तो मान्सानियोकडून येत होता, रिकामा, आमच्या गावाकडे चालला होता.

"उलट्या बाजूचा आहे," निवार्दो परत येत म्हणाला. "दुसरा येईल. साडेनऊची पाळी असते, मी डॉक्टरणीच्या पाया पडेन."

इलुमिनादा दाराला धरून उभी राहिली. "मला घरी जायचंय."

"वेडी झालीस? बुधवारी कोण नेणार? आज काहीतरी करून—"

"आज काहीतरी, बुधवारी काहीतरी, शुक्रवारी काहीतरी. तीन वर्षं चारला उठतेय मी. उद्या मी आठपर्यंत झोपणार. आणि आज दुपारी मला उसाचा रस पाहिजे. घोट नाही, पेलाभर, बर्फ घालून. तीन वर्षं प्यायले नाही."

"लुमी, त्या रसाने तू—"

"मला माहीत आहे त्या रसाने काय होतं. तू आज माझ्याशी खरं बोललास. आता पुन्हा बिघडवू नकोस."

तिला ट्रकपर्यंत चालत जाताना त्याने सावरलं, इतकंच. ड्रायव्हरने वरून हात देऊन तिला आत घेतलं. निवार्दोही चढणार, तोच ती म्हणाली, "वायरी काढून घे. पोरीने पाठवल्यात. इथं सोडल्यास तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी नेईल."

तो परत गेला. बॉनेटखाली वाकून पहिली वायर काढली आणि सवयीने तिची जागा लक्षात ठेवायला थांबला. मग उरलेल्या सगळ्या एका मुठीत धरून एकदम उपटल्या.

ट्रकमध्ये बसल्यावर त्याने त्या लाल वायरी तिच्या मांडीवर ठेवल्या. ड्रायव्हर तरणा होता, परगावचा. त्याने आरशातून मागे उभ्या मॉस्कविचकडे बघितलं.

"काय झालंय काका गाडीला? दुरुस्त होईल ना?"

निवार्दोने श्वास घेतला नाही.

"नाही," तो म्हणाला. "संपली."

इलुमिनादाने त्याच्या काळ्या हातावर हात ठेवला. "जमतं की तुला," ती म्हणाली.